जाळीचा हेडसेट

जेवणाच्या टेबलावर पाच हेडसेट होते. दोन घरचे, तीन दुकानातून परतीच्या बोलीवर आणलेले. घरच्या दोहोंपैकी एकाच्या माईकची दांडी मोडलेली होती आणि चिकटपट्टीच्या आधाराने ती कशीबशी तग धरून होती. दुसरा धडधाकट, काळा, जाड मऊ गाद्यांचा. दुकानातल्या तिन्हींच्या वाट्यांना मात्र पाठीमागे जाळी होती, इतकी उघडी की दिव्यासमोर धरली तर पलीकडचा उजेड दिसावा. याशिवाय टेबलावर एक आवाजमापक यंत्र होतं, बाबांचा चष्मा होता, आणि वहिनीने अर्धा पिऊन विसरलेला चहा होता, ज्यावर साय धरून बराच वेळ झाला होता.

धाकटी या सगळ्याकडे बघत खुर्चीत बसली होती. कामावरून आल्यावर तिने अजून मोजेही काढले नव्हते. एकदाचं काय ते ठरू दे, एवढंच तिच्या मनात होतं.

ठरायचं होतं ते असं.

बाबांनी उभी हयात बंदरावरच्या क्रेनच्या केबिनमध्ये काढली. ते वर, आणि खाली धक्क्यावर त्यांचा जोडीदार. वरच्याला खालचं नीट दिसत नाही, म्हणून खालच्याने सांगायचं, वरच्याने ते शब्द न् शब्द परत म्हणून दाखवायचं, आणि मगच भार हलवायचा. "डावीकडे दोन हात." "डावीकडे दोन हात." हे दोघे एकमेकांशी इतकी वर्षं असे बोलले की आई होती तेव्हा तिने मीठ मागितलं, तर बाबा आधी "मीठ" म्हणायचे आणि मग बरणी उचलायचे.

निवृत्तीनंतर जोडीदार दूर देशी मुलाकडे राहायला गेला. तिथे त्याच्या हातांना कंप सुटला, दोन्ही कानांत यंत्रं आली. मुलगा-सून दिवसभर कामावर, घर खायला उठायचं. शेवटी मुलाने त्याला कॉम्प्युटरवर एक खेळ लावून दिला. त्यात बंदर होतं, जहाज होतं, क्रेन होती आणि जहाजावर चढवायची खोकी होती. खेळायचा दोघांनी मिळून. थरथरत्या हातांनी जोडीदाराला काही चालवता येत नसे, पण बघता यायचं आणि बोलता यायचं, आणि आधीही त्याचं काम तेच होतं. तिकडे सकाळ झाली की इकडे दुपार व्हायची. मग बाबा हेडसेट चढवायचे आणि दोघं मिळून जहाज भरायला घ्यायचे.

नेमकी तीच वहिनीची झोपेची वेळ. ती रक्तपेढीत रात्रपाळीला होती. दादा लांब पल्ल्याच्या ट्रकवर, त्यामुळे घरात कमी आणि फोनवर जास्त. बाबांची खोली आणि वहिनीची खोली यांच्यामध्ये जी भिंत होती ती नुसती म्हणायला भिंत होती. पलीकडे बाबा हुकूम परत म्हणायचे आणि अलीकडे वहिनीच्या उशीत ते शिरायचे. त्यातून "थांब" हा शब्द वेगळाच. बाकीचे हुकूम फक्त जोडीदाराने द्यायचे. "थांब" मात्र कुणीही म्हणावं, धक्क्यावर झाडू मारणाऱ्यानेही, आणि वरच्याने का म्हणून विचारायचं नाही. तो शब्द बाबा सगळ्या बंदराला ऐकू जाईल असा परत म्हणायचे.

एके दुपारी वहिनी विस्कटलेल्या केसांनी त्यांच्या खोलीत आली, त्यांच्या एका कानावरची गादी बाजूला केली आणि म्हणाली, "बाबा, थांबा."

बाबांनी दोन्ही हात ताबडतोब उचलले. पडद्यावर एक निळं खोकं जहाजाच्या वर लोंबकळत राहिलं.

"मी भांडायला आले नाही," वहिनी म्हणाली. "भांडायला पण नीट जागं असावं लागतं. काल दोन पिशव्यांची लेबलं तीन-तीनदा वाचली तरी डोक्यात शिरेनात. एक दिवस माझ्या हातून कुणाच्या तरी अंगात भलतंच रक्त जाईल. पेढीजवळ एक खोली बघून ठेवलीय. सुट्टीला येत जाईन."

"तू कशाला जातेस," बाबा म्हणाले.

"मग हळू बोलाल?"

"मी हळूच बोलतो."

वहिनीने दाराजवळ उभ्या असलेल्या धाकटीकडे बघितलं. दोघींपैकी कुणीच हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाबांनी काळा हेडसेट त्याच्या मूळ खोक्यात घातला, वायरीचं वेटोळं करून वर रबर लावलं आणि खोकं कपाटावर टाकलं. जोडीदाराला त्यांनी कॉम्प्युटर बिघडल्याचं सांगितलं. दुपारी ते खिडकीत बसू लागले. वहिनीला त्याने जास्तच अपराधी वाटलं. "मी खेळ बंद करा म्हटलं नव्हतं," ती धाकटीला म्हणाली आणि झोपायला गेली. पण तिला झोप लागली नाही, कारण आता ती शांततेकडे कान लावून पडली होती.

धाकटीच्या फोनवर जोडीदाराचे निरोप यायला लागले. "काय गं कानवाले, तुझ्या बापाचं यंत्र अजून आजारीच? तिकडे कुणी वैद्य नाही का? इथे माझी सून मला झाडांना पाणी घालायला सांगते. झाडं प्लास्टिकची आहेत. ते तिला ठाऊक आहे, मलाही ठाऊक आहे."

कानवाली म्हणजे धाकटी. ती एका दवाखान्यात कान तपासायची. काचेच्या बंद खोलीत माणसाला बसवायचं, कानांवर जाड वाट्या चढवायच्या, बारीक बारीक सूर सोडायचे आणि ऐकू आला की हात वर करायला सांगायचं, हे तिचं दिवसभराचं काम. बाबांचे कान तिने तपासले होते. वयाच्या मानाने उत्तम निघाले. म्हणजे दोष कानांचा नाही, स्वभावाचा, असा निकाल घराने देऊन टाकला. "क्रेनवरचा गळा आहे तो," दादा फोनवर म्हणाला होता. "आता काय मुरड घालणार त्याला."

मग एका सकाळी दवाखान्यात एक ग्रंथपाल बाई आल्या. आवाज इतका हळू की नाव विचारताना धाकटीला टेबलावर ओणवं व्हावं लागलं. त्यांना काचेच्या खोलीत बसवलं, वाट्या चढवल्या, पहिला सूर सोडला. हात वर करायचं विसरून बाई खणखणीत आवाजात म्हणाल्या, "आला. अगदी स्पष्ट आला." काच थरथरली म्हणायला हरकत नव्हती. बाहेर आल्यावर त्या पुन्हा पानं उलटल्यासारख्या बोलू लागल्या.

यात नवल काहीच नव्हतं. सगळेच असं करतात. कामाच्या पहिल्या दिवशी वरिष्ठांनी सांगितलंच होतं, कान झाकले की माणूस ओरडतो, मनावर घ्यायचं नाही. धाकटीने ते इतकं मनावर घेतलं नव्हतं की घरी आणायचंच राहून गेलं. आणि तो काळा हेडसेट बाबांसाठी तिनेच निवडला होता. दुकानात तिने गाद्या दाबून दाबून पाहिल्या होत्या, बाहेरचं तसूभरही आत येऊ नये म्हणून. तिच्या धंद्यात चांगल्या हेडफोनची व्याख्या तीच होती. त्याआधीच्या, दांडी मोडलेल्या, पातळ गाद्यांच्या हेडसेटवर बाबा ओरडायचे का, हे तिने आठवून पाहिलं. पण तेव्हा वहिनीची दिवसपाळी होती आणि दुपारी घरात ऐकायला कुणी नव्हतं. म्हणजे पुरावा नाही. नुसता अंदाज.

त्या अंदाजावर ती दुकानात गेली.

"खेळणारा किती वर्षांचा आहे?" दुकानदाराने विचारलं.

"निवृत्त आहे."

दुकानदाराने हातातला हेडसेट खाली ठेवला. "मग रंगीत दिवे नकोत."

"नकोत. कानाला बाहेरचं ऐकू येईल असा हवा. स्वतःचा आवाजसुद्धा."

"म्हणजे ओपन-बॅक. पाठीला जाळी असते. पण घरात माणसं असतील तर नका घेऊ, आवाज गळतो."

"किती गळतो?"

"किती म्हणजे? गळतो तो गळतो."

"म्हणजे मोजलेलं नाही."

"ताई, मी हेडसेट विकतो." त्याने तरी फळीवरचे तीन खाली काढले. "आणि काय हवं?"

"माईक चांगला. समोरचा माणूस कानांत यंत्र लावून ऐकतो. त्याला शब्द न् शब्द कळायला हवा."

"इथेच घोडं अडतं. जाळीवाल्यांचा आवाज गोड असतो आणि माईक बहुतेकांचे सुमार. ज्यांना फार कळतं ते माईक वेगळा घेऊन टेबलावर ठेवतात."

"टेबलावरचा माईक की-बोर्डचा खडखडाटही घेईल. तो नको."

"तिन्ही घेऊन जा. घरी लावून बघा, नको ते परत आणा. फक्त खोकी फाडू नका. आणि डोक्याला तेल लावून घालू नका म्हणावं त्यांना."

म्हणून आता टेबलावर पाच हेडसेट होते.

बाबांना बोलावलं तर ते आले, पण उभेच राहिले. "मी बहिरा झालोय असं तुम्हा सगळ्यांना वाटतं ना?"

"नाही बाबा. तुम्हाला सगळं ऐकू येतं. फक्त स्वतःचा आवाज सोडून." तिने काळा हेडसेट त्यांच्या हातात दिला. "हा घाला आणि नेहमीसारखं बोला."

"काय बोलू?"

"काहीही. डावीकडे दोन हात."

बाबांनी हेडसेट चढवला आणि डावीकडे दोन हात म्हणाले. मग उजवीकडे म्हणाले, हळू खाली म्हणाले. धाकटीने ते फोनवर टिपून घेतलं, हेडसेट काढायला लावला आणि त्यांना ऐकवलं.

बाबांनी दोनदा ऐकलं. मग खुर्ची ओढून बसले. "हा मी?"

"हो."

"आणि इतके दिवस तुम्ही ऐकून घेतलंत."

"घेतलं कुठे?" वहिनी दारातून म्हणाली. तिची सुट्टी होती आणि तरीही डोळे तारवटलेले होते. "उठून आलेच ना मी."

"आधी का नाही आलीस?"

"मला वाटलं, तुम्हाला कळतंय."

बाबांनी चष्मा उचलला आणि लावला. "चल," ते धाकटीला म्हणाले. "काय करायचंय ते कर."

धाकटीने दवाखान्यातली पंचवीस शब्दांची यादी आणली होती. बाबांनी आपल्या खोलीत बसून एकेका हेडसेटवरून ती वाचायची, तिकडे जोडीदाराने ऐकलेला शब्द परत म्हणायचा. आवाजमापक वहिनीच्या उशीवर ठेवलं. खोलीत कुणी नसताना ते तेहेतीस डेसिबल दाखवत होतं. तेवढ्यात बाहेर लिफ्टचं दार आपटलं आणि आकडा त्रेचाळीसवर जाऊन खाली आला. लिफ्टच्या दाराने वहिनी कूसही बदलत नाही, हे तिने स्वतःच सांगितलं.

"काका, परीक्षा आहे," धाकटी म्हणाली.

"माझी की तुझ्या बापाची?" जोडीदार.

"माईकची."

"पास झालो तर काय मिळेल?"

"बाबा मिळतील."

"तो मिळतोच आहे गेली चाळीस वर्षं. दुसरं काही ठेव."

"वाच म्हणाली, वाचतो," बाबा म्हणाले. "तू नुसता ऐक. आयुष्यात एकदा उलटं."

काळ्या हेडसेटवर जोडीदाराला चोवीस शब्द कळले आणि उशीवरचा आकडा सत्तेचाळीसवर गेला. "आता थांब म्हणा," धाकटीने सांगितलं. बाबा थांब म्हणाले. अठ्ठावन्न. वहिनीने आकडा बघितला आणि मान हलवली, जणू जुन्या ओळखीचं कुणी भेटलं.

मग जाळीवाले. पहिला राखाडी, वजनाला पिसासारखा. त्यावर बाबांचा आवाज आपोआपच खाली आला, पण जोडीदाराला सतराच शब्द कळले. "तो काय रांजणात बसलाय का?" त्याने विचारलं. दुसरा मोठा, माईक काढता-घालता येणारा. तेवीस शब्द. तिसऱ्याचा आवाज सर्वांत गोड, बाबा तर इंजिनाची घरघर ऐकून यादी वाचायचीच विसरले. त्याचा माईक लोहचुंबकाने बाहेरून चिकटवायचा होता आणि तो वाटीतून सांडणारा आवाजही उचलत होता. "माझंच बोलणं मला परत ऐकू येतंय," जोडीदार म्हणाला. "आणि तुझ्या बापाच्या आधी. त्याचं काम गेलं म्हणायचं."

म्हणजे दुसरा. पण तो डोक्याला इतका आवळत होता की चष्म्याच्या काड्या कानशिलात रुतल्या. बाबांनी चष्मा काढून बघितलं, तर जहाजच दिसेना. दोघी एकमेकींकडे बघत बसल्या. तेवढ्यात बाबा उठून आत गेले आणि आपलं कामावरचं जुनं हेल्मेट घेऊन आले. हेडसेट त्यांनी हेल्मेटवर ताणून बसवला आणि दोन्ही कपाटावर ठेवून दिले. "उद्यापर्यंत सैल होईल. डोक्यापेक्षा हे रुंद आहे."

"मोडला तर परत घेणार नाहीत," धाकटी म्हणाली.

"मोडणार नाही. वाकणाऱ्या आणि मोडणाऱ्या लोखंडातला फरक कळतो मला."

गळणारा आवाज तिने तेव्हाच मोजून टाकला. खेळ चालू ठेवून हेडसेट हेल्मेटवरच वाजू दिला आणि वहिनीच्या उशीजवळ गेली. तेहेतीस. बाबांच्या खोलीत बसलं तर गळती ऐकू येत होती, उशीपर्यंत तिची मजल जात नव्हती.

उरला "थांब". दुसऱ्या हेडसेटवर यादी वाचताना आकडा छत्तीसच्या वर गेला नव्हता, पण थांब म्हणायला सांगितल्यावर बाबा ते अगदी भाजीवाल्याला म्हणावं तसं म्हणाले होते.

"असं म्हणता तुम्ही एरवी?" धाकटीने आता विचारलं.

"कागदावरचं थांब खरं नसतं," बाबा म्हणाले. "खोकं कुणाच्या डोक्यावर असतं तेव्हा तोंडातून जे येतं ते खरं. ते मी ठरवून म्हणत नाही."

"मग ते खेळतानाच मोजावं लागेल."

वहिनी भिंतीला टेकून उभी होती. "त्या खोलीच्या घरमालकाला उद्या संध्याकाळपर्यंत कळवायचंय मला," ती म्हणाली. "उद्या पाळीवरून येऊन दुपारी मी झोपते. तुम्ही खेळा. तू मोज. जाग आली तर आकडा सांगू नकोस, मी आपली पिशवी भरेन. राग नाही कुणावर. मला फक्त झोपायचंय."

"आणि नाही आली तर?" बाबांनी विचारलं.

"तर ते तुम्हीच मला सांगा. मला कसं कळणार?"

दुसऱ्या दिवशी धाकटीने अर्धी रजा टाकली. वरिष्ठांनी कारण विचारलं, तेव्हा ती म्हणाली, घरी तपासणी आहे. ते खोटं नव्हतं. घरी आली तेव्हा वहिनी झोपली होती, भिंतीकडे तोंड करून, चप्पल पलंगाखाली वेडीवाकडी टाकून. पडदे ओढलेले होते. धाकटी पलंगाच्या कडेला जमिनीवर बसली, यंत्र उशीच्या बाजूला ठेवलं आणि सगळ्यात मोठा आकडा धरून ठेवणारं बटण दाबलं.

पलीकडे खुर्ची सरकली. जरा वेळाने बाबांचा आवाज आला. शब्द कळत नव्हते. एक पुटपुट, मग जरा थांबणं, मग पुन्हा तेवढीच पुटपुट. मध्येच हसणं. ते बाबांचं होतं, आणि धाकटीला ते ओळखायला जरा वेळच लागला. चौतीस, पस्तीस, पुन्हा चौतीस. तिची पाठ पलंगाला टेकली. जवळच कुणीतरी एवढं गाढ झोपलं असताना जागं राहणं जड जात होतं. तिला आठवेना आपण शेवटचं असं काही न ऐकता कधी बसलो होतो. दवाखान्यातली शांतता निराळी, तिथे पुढचा सूर यायचा असतो.

बराच वेळ असा गेला. मग पलीकडची पुटपुट भरभर व्हायला लागली. वाक्यं तुटक झाली. बाबांची खुर्ची करकरली, म्हणजे ते पुढे वाकले असावेत. धाकटी सरळ बसली. भार झुलायला लागला की बाबा असेच पुढे वाकत, हे तिने मोठी होताना, ते जेवता जेवता कामाचं सांगत तेव्हाही पाहिलं होतं. तिने वहिनीच्या खांद्याकडे बघितलं. खांदा वर गेला, खाली आला.

भिंतीपलीकडून शब्द आला. या वेळी तो स्पष्ट कळला. थांब.

तिने यंत्राकडे बघितलं नाही. वहिनीकडे बघत राहिली. पलीकडे सगळं गप्प झालं होतं, अधांतरी असलेलं काहीतरी स्थिर होईपर्यंत असतं तसं. मग पुन्हा हळूहळू पुटपुट सुरू झाली, आधीच्याच लयीत, आणि खुर्ची मागे रेलल्याचा आवाज आला.

जहाज भरून झाल्यावर बाबांनी दार बोटभर उघडलं. हेडसेट गळ्यात होता, चष्मा जागेवर होता. दोन्ही मुठी छातीसमोर एकमेकींवर ठेवून त्यांनी भुवया वर केल्या. भार नीट टेकला का, असं धक्क्यावर विचारतात ती खूण.

वहिनी त्याच कुशीवर होती. धाकटीने यंत्र उचलून पडद्याच्या फटीतल्या उजेडात धरलं. धरून ठेवलेला सगळ्यात मोठा आकडा एकेचाळीस होता, लिफ्टच्या दारापेक्षा दोन कमी.